मोबाईल, शाळा आणि बाजार

(शिक्षक, पालक आणि शाळा समित्यांवर काम करणारे कार्यकर्ते यांच्या एकदिवसीय अभ्यासशिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'विद्यार्थी आणि तंत्रविज्ञानाचा सुरक्षित व जबाबदार वापर' असा छापला आहे. हा विषय माझ्याकडे सोपवण्यात संयोजकांनी थोडे धाडसच केले आहे. मी अर्थशास्त्राचा शिक्षक. उभी हयात फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढण्यात गेली. मोबाईल माझ्या हाती आला तो चाळिशी उलटल्यावर, आणि त्यातल्या अर्ध्याअधिक गोष्टी मला माझ्या विद्यार्थ्यांनीच शिकवल्या. तेव्हा यंत्र कसे चालवावे हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही. परंतु ते यंत्र कोणासाठी चालते, त्याचा खर्च कोण सोसतो आणि नफा कोणाच्या पदरात पडतो, हे प्रश्न माझ्या विषयाच्या कक्षेत येतात. या विषयावरच्या बहुतेक व्याख्यानांत नेमके तेच गाळलेले असतात, म्हणून मी उभा राहण्याचे कबूल केले.

प्रारंभी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

तालुक्याच्या ठिकाणी एक माध्यमिक विद्यालय चालवणाऱ्या छोट्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर मी आहे. शाळेत हमालांची, विडी कामगारांची, शेतमजुरांची मुले येतात. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि मुलांचे काय करावे हा प्रश्न आमच्यासमोर आ वासून उभा राहिला. अशा वेळी एका कंपनीचा प्रतिनिधी आला. तरुण, बोलण्यात नम्र. कंपनीचे पाठ विद्यार्थ्यांना काही काळ विनामूल्य पाहता येतील, त्यासाठी फक्त मुलांची नावे, इयत्ता आणि पालकांचे मोबाईल क्रमांक अशी यादी द्यावी, एवढेच त्याचे मागणे होते. मुख्याध्यापक कचरले. "सर, ही पालकांची खाजगी बाब आहे, त्यांना एकदा विचारायला हवे," असे ते म्हणाले. मी म्हणालो, "अहो, फुकट मिळते आहे तर मुलांचे कल्याण होऊ द्या." आणि यादीवर संस्थेच्या वतीने मी सही केली. बाजारात फुकट काहीच नसते, जे फुकट दिसते त्याची किंमत दुसऱ्या खिशातून वळती होते, हे ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे वर्गात शिकवले, त्याच माणसाची ही सही.

दिवाळीनंतर बाजार समितीच्या आवारात हमाली करणारे एक पालक माझ्या दारात आले. बँकेचे पासबुक पुढे करून म्हणाले, "सर, हे दर महिन्याला पैसे कशाचे कापतात?" चौकशी केली तेव्हा कळले की त्यांना एक दूरध्वनी आला होता. बोलणाऱ्याने शाळेचे नाव घेतले, मुलाचे नाव आणि तुकडी अचूक सांगितली. मुलगा हुशार आहे, पण असाच राहिला तर मागे पडेल, असे म्हटले. मग मोबाईलवर आलेले चार-सहा आकडे विचारून घेतले. त्या आकड्यांनी त्यांच्या नावावर एक कर्ज उभे राहिले होते आणि त्याचा हप्ता त्यांच्या हमालीतून कापला जात होता. आम्ही पत्रे लिहिली, बँकेत खेटे घातले. पाच महिन्यांनी हप्ता थांबला, गेलेले पैसे मात्र परत आले नाहीत. "शाळेचं नाव घेतलं म्हणून मी हो म्हणालो, सर," एवढेच ते म्हणाले. यादीवरची सही कोणाची होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पासबुक घडी करून खिशात ठेवले आणि गेले.

आता या प्रसंगात विद्यार्थ्याने काय बेजबाबदारपणा केला होता? अनोळखी माणसाला आपला क्रमांक देऊ नये, हा धडा आपण त्याला शिकवतो. त्याने दिलाच नव्हता. तो शाळेने दिला होता. मुलांना जबाबदारी शिकवायला निघालेल्या माणसांनी आधी स्वतःचे कपाट उघडून पाहावे, असे मी म्हणतो ते या अनुभवावरून.

आणि आमची शाळा काही अपवाद नव्हती. ह्यूमन राईट्स वॉच या संघटनेने २०२२ च्या मे महिन्यात एक अहवाल प्रसिद्ध केला. महामारीच्या काळात ४९ देशांतील सरकारांनी शिफारस केलेली १६३ शैक्षणिक साधने तिने तपासली होती. त्यांपैकी १४५ साधने, म्हणजे ८९ टक्के, मुलांच्या हक्कांना बाध येईल वा येऊ शकेल अशा रीतीने त्यांची माहिती हाताळत होती. आपल्याकडील 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावरील लक्षावधी शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षितपणे उघड्यावर पडली होती, हे २०२३ च्या जानेवारीत बाहेर आले. म्हणजे खाजगी तेवढे लबाड आणि सरकारी तेवढे सुरक्षित, असे आपल्या सोयीचे समीकरणही येथे मांडता येत नाही. आपल्या पक्षातील काही मित्रांना हे रुचणार नाही, पण वस्तुस्थिती अशी आहे.

मुलांची ही माहिती इतकी मोलाची का, याचा थोडा विचार करू. १९७८ साली ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्या हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असे मांडले होते की माहितीची रेलचेल झाली की ती माहिती ग्रहण करणाऱ्याच्या अवधानाचा दुष्काळ पडतो. दुष्काळ पडला की भाव चढतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, आपल्या मराठवाड्यातला कोणताही शेतकरी सांगेल. आज माणसाचे अवधान ही बाजारातील वस्तू झाली आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्हींची मालकी असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक जाहिरातींतून आलेले होते. वापरणारा एक पैसाही देत नाही आणि उत्पन्न एवढे प्रचंड. मग विकले काय गेले? विकला गेला तो वापरणाऱ्याचा वेळ, आणि तो कशाला भुलतो याचे ज्ञान. कारखान्यात मजुराचा वेळ विकत घेतला जात असे, पण त्याला निदान मजुरी तरी मिळत होती आणि आठ तासांचा कायदा होता. येथे मजुरी नाही, भोंगा नाही, आणि कामगार बारा वर्षांचा आहे.

हा वेळ कसा काढून घेतला जातो, तेही मुलांना समजले पाहिजे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. चोच मारली की दर वेळी ठराविक दाणा मिळतो असे कळलेले कबुतर भूक भागली की थांबते. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही, केव्हा मिळेल याचा नेम नाही, अशी व्यवस्था केली की ते चोच मारीतच राहते. आपल्याकडे ज्यांनी गिरणगावातला मटका पाहिला आहे त्यांना कबुतराची गरज नाही. आकडा रोज लागत असता तर मटक्याने घरे उद्ध्वस्त केली नसती. तो कधीतरी लागतो यातच त्याचा गळ आहे. मोबाईलच्या पडद्यावर बोट वर सरकवीत राहणारे मूल याच गळाला लागलेले असते. पुढच्या चित्रात काहीतरी गमतीचे निघेल, निघालेच नाही तर त्याच्या पुढच्यात. पूर्वी पुस्तकाचे पान संपे, वर्तमानपत्र संपे, आकाशवाणीची सभा संपे. येथे शेवट मुद्दाम काढून टाकलेला आहे.

अशा यंत्रासमोर मुलाला बसवून 'संयम बाळग' असे सांगणे हे मला कोंबडीला कोल्ह्याच्या स्वभावावर व्याख्यान देण्यासारखे वाटते. संयमाचे शिक्षण नको असे मी म्हणत नाही. पण हे यंत्र तुझ्या दुबळेपणावर पैसे मिळवण्यासाठी असे बनवलेले आहे, हे सांगितल्यावाचून केलेला संयमाचा उपदेश मुलाच्या मनात केवळ अपराधाची भावना निर्माण करतो. उलट ही यंत्रणा उलगडून दाखवली की मुले चिडतात. मी स्वतः आठवी-नववीच्या वर्गांत हे करून पाहिले आहे. 'मला कोणी फसवते आहे' हा राग चौदाव्या वर्षी फार उपयोगाचा असतो. शंभर सूचनांनी जे होत नाही ते त्याने होते.

आता आपली मुले प्रत्यक्षात कोठे उभी आहेत ते पाहू. 'असर'च्या २०२४ च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो काही ना काही अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. या समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला रोखणे वा त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवणे ६२ टक्क्यांना येत होते, आपले खाते खाजगी ठेवणे सुमारे ५५ टक्क्यांना, आणि पासवर्ड बदलणे सुमारे ५८ टक्क्यांना. याचा अर्थ असा की दर दहांतील चार मुले दाराला कडी आहे हे माहीत नसलेल्या घरात राहत आहेत. ही कडी लावायला शिकवणे हे दोन तासिकांचे काम आहे. त्यासाठी संगणककक्ष लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, शिक्षकाचा स्वतःचा मोबाईल पुरतो. हे काम कोणी अडवलेले नाही, आणि तरीही ते होत नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

याच सर्वेक्षणातील आणखी एक आकडा माझ्या मते अधिक गंभीर आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६ टक्क्यांकडे तो स्वतःचा होता, मुलींमध्ये हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आत होते. या फरकामागे काय असते ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात नववीतील एका मुलीचे स्नेहसंमेलनातील छायाचित्र कोणीतरी वर्गाच्या गटावरून घेतले, ते विकृत केले आणि पसरवले. तीन आठवडे ती मुलगी गप्प होती. बोलली तर काय होईल याचा तिचा अंदाज अचूक होता. प्रकार उघडकीस आल्यावर घरच्यांनी आधी तिचा मोबाईल काढून घेतला आणि मग तिची शाळा काढून घेतली. ज्या मुलाने ते केले तो आठ दिवसांत वर्गात परतला. पुढच्या वर्षी त्या मुलीचे लग्न ठरल्याचे कानावर आले. आमच्यापैकी एका शिक्षिकेने धाव घेतली, तिच्या आईवडिलांपाशी बसून राहिली, आणि ते लग्न तूर्त टळले. मुलगी बाहेरून परीक्षेला बसली आहे.

मित्रहो, 'सुरक्षितता' हा शब्द आपल्या समाजात फार जपून वापरावा लागतो, तो यासाठी. स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावाने या देशात उंबरठे बांधले गेले आहेत. मुलींना मोबाईलपासून दूर ठेवणे म्हणजे त्यांना सुरक्षित करणे नव्हे. ते त्यांना शिष्यवृत्तीच्या अर्जापासून, महाविद्यालयाच्या प्रवेशयादीपासून, मैत्रिणीपासून आणि प्रसंगी मदतीपासून दूर ठेवणे आहे. सुरक्षिततेच्या शिक्षणाचा पहिला विद्यार्थी मुलगा असला पाहिजे. दुसऱ्याचे छायाचित्र त्याच्या अनुमतीवाचून पुढे पाठवणे हा चहाटळपणा नसून गुन्हा होऊ शकतो, अल्पवयीन मुलाचे वा मुलीचे अश्लील चित्रण बनवणे आणि पसरवणे यांवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६७-ब हे कलम आणि २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो, हे त्याला आठवीतच कळले पाहिजे. आणि मुलीला कळले पाहिजे ते हे की असे काही घडले तर आलेला मजकूर पुसून टाकू नये, कारण तोच पुरावा असतो. १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आहे, केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर अशा प्रकरणी नाव न देताही तक्रार नोंदवता येते, आणि पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण उशीर होईल तसा पैसा खात्यांतून खात्यांत पळतो. पण या सर्वांपूर्वी तिला एक माणूस हवा असतो, जो ऐकून घेताना प्रथम 'तू तेथे गेलीसच कशाला' असे विचारणार नाही. प्रत्येक शाळेत असा एक शिक्षक वा शिक्षिका कोण आहे, हे मुलांना ठाऊक असावे. नसेल, तर बाकीचे क्रमांक भिंतीवर रंगवून काही होणार नाही.

बंदीचा मार्ग काही देशांनी पत्करला आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली, आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. त्यात एक गोष्ट मला पसंत आहे. दंड मुलाला वा पालकाला नाही, तो कंपनीला आहे आणि जबर आहे. परंतु वय सिद्ध करण्यासाठी सर्वांनाच आपली ओळख कंपन्यांच्या हवाली करावी लागली तर रोग बरा करताना दुसरा रोग जडेल, ही शंकाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. या बंदीचे मूल्यमापन एवढ्यात करू नये.

मला त्याहून जवळचे उदाहरण अधिक बोलके वाटते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी तेथे स्त्रियांची सभा झाली आणि सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास घरातील दूरचित्रवाणी आणि मोबाईल बंद, असे ठरले. मुलांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी वाचावे वा बोलावे. आरंभी लोक हसले असतील. पण ग्रामपंचायतीचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका, आशा, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. या उपक्रमाचे कौतुक पुष्कळ झाले, पण त्यातील मर्म फारसे कोणी सांगितले नाही. भोंगा मोठ्यांसाठीही होता. ज्या घरात बाप जेवताना पडद्यावर डोळे लावून बसतो तेथे मुलाने पुस्तक उघडावे ही अपेक्षा न्यायाला धरून नाही. आणि दुसरे असे की हा निर्णय एकेका आईने आपापल्या घरी एकट्याने घेतला नाही. एकट्या आईने मोबाईल काढून घेतला की मूल म्हणते, सगळ्यांकडे आहे. सात वाजता कोणाकडेच नसला की ही तक्रार उरत नाही. एकट्याला न पेलणारे सामुदायिक निर्णयाने पेलते, हे आपण कामगार संघटनेत शिकलो, तेच येथे दिसते. हा भोंगा पोलिसांचा नव्हता, हेही ध्यानात घ्यावे.

मी यंत्राचा द्वेष करीत नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापून त्यांतून कविता आणि पाठ मुलांना ऐकवले, पाहू दिले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांनी उचलली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा दहा लक्ष डॉलरच्या रकमेतील अर्धी त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. तंत्रविज्ञान तेथेही होते, फरक एवढाच की त्याचा हेतू शिक्षकाने ठरवला होता. युनेस्कोच्या २०२३ च्या शिक्षणविषयक अहवालाच्या नावातच हा प्रश्न आहे: साधन खरे, पण ते कोणाच्या अटींवर?

अटी ठरवण्याचे थोडे बळ आता कायद्याने दिले आहे, ते कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे. बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवता येणार नाही, त्याला लक्ष्य करून जाहिराती दाखवता येणार नाहीत, आणि ही बंधने मोडल्यास दंड दोनशे कोटी रुपयांपर्यंत. नियम निघायला मात्र २०२५ चा नोव्हेंबर उजाडला आणि मुख्य तरतुदींना त्यांनी आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली. शिवाय शिक्षणसंस्थांना त्यांच्या शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती या बंधनांतून सूट आहे. ही सूट गैर आहे असे मी म्हणत नाही, हजेरी घेण्यासाठी दर वेळी संमतिपत्र मागता येणार नाही. परंतु 'शैक्षणिक काम' या शब्दांच्या आडून उद्या काय काय वर्गात शिरेल याची कल्पना मला आहे, कारण २०२० मध्ये ते माझ्याच सहीने शिरले होते.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षणहक्क कायद्याखालील ज्या व्यवस्थापन समित्या आहेत, ज्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदाच सांगतो, त्यांच्या बैठकींत आपल्या कार्यकर्त्यांनी हा विषय मांडावा. शाळेने मुलांची कोणती माहिती कोणाला दिली, कोणत्या तारखेला दिली, कोणी मागितली, याची एक साधी वही ठेवायला लावा. खरेदीची वही असते, खिचडीच्या तांदळाची असते, मग मुलांच्या नावांची का नसावी? आमच्या शाळेत ती गेली चार वर्षे आहे. पहिल्या पानावर २०२० ची नोंद मी माझ्या हाताने, मागाहून, लाल शाईने केली आहे.

ते हमाल पालक आता आमच्या पालक-शिक्षक संघावर आहेत. त्यांची धाकटी मुलगी नववीत आहे. गेल्या महिन्याच्या बैठकीत एका नव्या ॲपसाठी अर्ज आला होता. गृहपाठ तपासून देणारी, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सोय, पहिले वर्ष विनामूल्य. शिक्षक उत्सुक होते, आणि सत्तर-सत्तर मुलांच्या वह्या तपासणाऱ्यांनी उत्सुक का असू नये? त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचून घेतला, म्हणजे मुलीकडून घरी वाचवून घेतला होता, आणि विचारले, "दुसऱ्या वर्षी काय? आणि वह्यांचे फोटो कुठे ठेवणार?" प्रतिनिधीला उत्तर देता आले नाही. लेखी उत्तर आणतो म्हणून तो गेला आहे. अर्ज वहीत लावून ठेवला आहे.